खालचा डावा कोपरा

माणूस कितीही थोर असला तरी संगणकाच्या लेखी तो निळ्यापासून सुरू होतो. आधी निळा, मग हिरवा, शेवटी लाल. सगळं जग 'लाल, हिरवा, निळा' असं म्हणतं. फोटोच्या पोटात मात्र हे आकडे उलटे बसलेले असतात. का, ते विचारायचं नसतं. ज्यांनी विचारलं ते या धंद्यात टिकले नाहीत, आणि जे टिकले त्यांना आता उत्तर आठवत नाही.

मी टिकलेल्यांपैकी. नागरिक ओळखपत्र कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, छपाईचं यंत्र आणि पाण्याचं पिंप यांच्या मधोमध माझं टेबल आहे. तिथे बसून मी तो प्रोग्राम लिहिला, ज्यातून देशातल्या प्रत्येक माणसाचा फोटो जातो. काम दिसायला सोपं. फोटो घ्यायचा, माणसामागची भिंत पुसायची, उरेल तो माणूस कार्डावर छापायचा. भिंत पुसायची, कारण भिंत ही नागरिक नव्हे असं नियमावलीत स्वच्छ लिहिलेलं आहे (कलम सहा. नागरिक म्हणजे कोण, हे कुठल्याच कलमात नाही).

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आणि दर ठिपक्याला तीन आकडे. तिन्ही शून्य असले की काळा, तिन्ही दोनशे पंचावन्न असले की पांढरा. यापलीकडे या शास्त्रात फारसं काही नाही. जे आहे ते पगारवाढीच्या मुलाखतीत सांगायला राखून ठेवलेलं असतं.

पहिल्या आवृत्तीत सगळे नागरिक निळे आले, कारण तो उलटा क्रम मला ठाऊक नव्हता. साहेब म्हणाले, "थंडी वाजत असेल." दुसऱ्या आवृत्तीत सगळे एका अंगाला कलले, कारण दर ओळीच्या शेवटी जी मोकळी जागा सोडावी लागते ती मी काटकसर म्हणून वाचवली. तिसऱ्या आवृत्तीत सगळे खाली डोकं वर पाय. त्याचं असं आहे की बिटमॅप नावाची जी फोटोंची जात आहे, तिच्यात ओळी खालून वर रचतात. आधी छाती, मग गळा, मग डोकं. हे कळल्यावर मी छापायच्या ऐन वेळी चित्र सुलटं करायची सोय केली आणि आतलं उलटं आतच राहू दिलं. पाहुणे येताना पसारा पलंगाखाली ढकलतात, त्यातलाच प्रकार.

मग भिंत ओळखायचा प्रश्न आला. इथे माझी बुद्धी खरी चमकली. मी ठरवलं, फोटोतला पहिला ठिपका बघायचा. पहिला म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातला. तिथवर कोणाचं डोकं पोचत नाही, तिथे भिंतच असणार. त्या ठिपक्याचा जो रंग, तो फोटोत जिथे जिथे दिसेल तिथून पुसून टाकायचा. भिंत गेली, माणूस उरला. सुंठीवाचून खोकला गेला!

चाणाक्ष वाचकाच्या एव्हाना लक्षात आलं असेल (माझ्या आलं नव्हतं) की ओळी खालून रचल्या असतील तर पहिला ठिपका वर नसतो. तो खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. तिथे भिंत नसते. तिथे नागरिकाचा उजवा खांदा असतो.

चाचणी मी अत्यंत काटेकोरपणे घेतली, म्हणजे स्वतःचाच फोटो काढला. मी बारा महिने पांढरा शर्ट घालतो. कपाटासमोर उभं राहून विचार करायची वेळ येत नाही. खांदा पांढरा, भिंत पांढरी. भिंत गेली, शर्टही गेला, आणि कार्डावर माझं नुसतं डोकं अधांतरी उरलं. मी विचार केला, कार्यालयाला माझ्यातलं तेवढंच तर हवं आहे. 'चाचणी यशस्वी' असा शेरा मारून मी डबा खायला गेलो.

पहिल्याच दिवशी काळ्या कोटातले एक वकील आले. खांदा काळा, तेव्हा प्रोग्रामने फोटोतलं काळं तेवढं पुसलं. कोट गेला, केस गेले, मिशी गेली, डोळ्यांतली बुबुळं गेली. भिंत मात्र खिळ्यासकट जागेवर. वकिलांनी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना युक्तिवाद सुचला नाही. त्यांच्या मागे बदामी स्वेटर घातलेल्या एक मास्तरीणबाई होत्या. बदामी हा त्यांच्या गालांचाही रंग. त्यांच्या कार्डावर भिंत, अंबाडा आणि मधोमध अधांतरी चष्मा आला.

दोन आठवडे असा गोंधळ चालला. मी रोज प्रोग्राम वाचायचो आणि रोज मला तो अधिकच आवडायचा. शेवटी तोडगा निघाला तो आमच्या फोटोग्राफरच्या घामातून. दिव्यांच्या उकाड्याने बिचारा निथळत असतो. एकदा कपाळ पुसून त्याने रुमाल बेधडक समोरच्या अर्जदाराच्या उजव्या खांद्यावर टाकला, कारण खुंटी लांब होती. रुमाल पांढरा होता (त्याच्या बायकोची कृपा). फोटो पहिल्या फटक्यात पास! दुसऱ्या अर्जदाराच्या खांद्यावर त्याने तोच रुमाल ठेवला. तोही पास! फोटोग्राफरचं ठाम मत झालं की रुमालाने उजेड चेहऱ्यावर परततो. या मताचा आणि सत्याचा काहीही संबंध नाही, म्हणून ते लगेच सगळ्यांना पटलं.

महिनाभरात परिपत्रक निघालं. 'अर्जदाराने उजव्या खांद्यावर पांढरा, धुतलेला, चौघडी रुमाल ठेवावा. रुमाल ठेवताना हसू नये.' रुमालपूर्व काळात शंभरातले साठ फोटो नापास व्हायचे, रुमालोत्तर काळात चार. एवढं यश या कार्यालयाने पूर्वी फक्त अहवालातच पाहिलं होतं. आता रुमालही पांढराच असल्यामुळे भिंतीबरोबर तोही पुसला जातो आणि प्रत्येकाच्या खांद्याला एक चौकोनी खाच पडते. उंदराने कुरतडलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसते. पण डोकं शाबूत असल्यावर खांद्याची कुरकुर कोण करतो?

लोकांचं म्हणाल तर लोक समजूतदार असतात. एका प्राध्यापकांनी लेख लिहून दाखवून दिलं की खांद्यावर पांढरं वस्त्र हे निःशस्त्र असल्याचं प्राचीन चिन्ह आहे. आरोग्यवाल्यांनी त्यात घामाचं शास्त्र शोधलं. नोकरीच्या मुलाखतीला जाताना उमेदवार खांद्यावर रुमाल टाकू लागले. त्याने माणूस सरळ वाटतो म्हणे. आमच्या फाटकाबाहेर तयार चौघडी रुमाल विकायला बसतात, आणि 'फोटोचे' व 'नाकाचे' असे दोन वेगळे ढीग असतात.

मला पहिल्या ठिपक्याची भानगड कळली तेव्हा हे सगळं रुळलं होतं. मी तडक साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, पहिला ठिपका खाली असतो. मला वाटलं, वर असतो."

"रुमाल ठेवल्यावर चालतं ना?"

"चालतं. पण रुमाल लागायलाच नको. एक आकडा बदलला की झालं."

साहेबांनी चष्मा काढला. "रुमालाच्या परिपत्रकावर सही कोणाची आहे?"

"आपली."

"मग रुमाल लागतो."

त्या वर्षी उत्कृष्ट कर्मचाऱ्याची ढाल मला मिळाली. ती मी पाण्याच्या पिंपावर ठेवली आहे. झाकण नीट बसत नव्हतं, ते आता बसतं.

आता उदारतेबद्दल. खरी पांढरी भिंत जगात कुठेच नसते. रंगाऱ्याने आम्हाला 'पांढरीशुभ्र' म्हणून दिलेली भिंत मोजली तर दोनशे अडतीसच्या आसपास भरते, आणि दिव्याखाली आणखी घसरते. म्हणून मी प्रोग्राममध्ये थोडी उदारता घातली. पांढऱ्याच्या जवळपास जे जे असेल, त्यालाही पांढरंच धरायचं. कार्यालयाच्या एकूण कारभारात उदारता आढळते ती एवढ्या एकाच जागी, आणि तिनेच म्हाताऱ्या माणसांचा घात केला. पिकलेले केस भिंतीच्या भावात जाऊ लागले. कपाळापर्यंत माणूस, वर काही नाही. पडद्यावर तांबडी अक्षरं येतात, 'डोके अपूर्ण'.

खिडकीवर बसणाऱ्या बाई मनाने फार चांगल्या. त्या प्रत्येक म्हाताऱ्याला हळूच सांगतात, "आजोबा, केस रंगवून या." आजोबा रंगवून येतात. आमच्या कार्डांवरून पाहिलं तर या देशात साठीच्या पुढचा एकही माणूस उरलेला नाही. लोकसंख्येच्या अभ्यासकांनी याचं श्रेय चांगल्या हवेला दिलं आहे.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण मला आई आहे.

आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, सीमेपलीकडे राहते. ती अंथरुणाला खिळली. तिकडच्या डॉक्टरांनी 'भेटून घ्या' म्हटलं, आणि डॉक्टर असं म्हणतात तेव्हा काय ते समजायचं. सीमा ओलांडायला कार्ड लागतं. आई कार्ड काढायला गेली आणि तिचं डोकं अपूर्ण निघालं. रुमाल आणखी पांढरा धुऊन परत गेली. परत अपूर्ण.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की कशाचं, ते मी विचारलं नाही.

"तुमच्या ऑफिसात कोणी शहाणा माणूस आहे का रे?"

"मी आहे की."

"दुसरा?"

मी म्हटलं, "आई, केस रंगव ना. सगळेच रंगवतात. चार दिवसांचा तर प्रश्न."

तिने सुरी खाली ठेवली. "आमचे दोघींचे केस एकाच वर्षी पिकले. ती काय म्हणेल? मला एकटीला म्हातारी करून आलीस?" मग थोड्या वेळाने, चिरलेला कांदा उगाचच पुन्हा चिरत, ती म्हणाली, "तिला आता नीट दिसतही नाही. दारात पांढरं डोकं दिसलं की ती मला हाक मारते. काळं डोकं घेऊन गेले तर नर्स समजून औषध मागेल. आणि ती गेल्यावर जाऊन मी करू काय, भिंती बघू?"

मला भडभडून आलं. पण माझं भडभडणंही नियमाने चालतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा साहेबांसमोर उभा.

"साहेब, तो आकडा बदलू द्या. आणि उदारता थोडी कमी करतो. आईचं काम आहे."

"आई सगळ्यांनाच असते. माझ्या आईने रंगवले केस. छान दिसते." साहेबांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. "अरे बाबा, सीमेवरचे शिपाई आता ती खाच बघून कार्ड ओळखतात. खोटी कार्डं करणारे खांदा अख्खा ठेवतात, म्हणून पकडले जातात. तू उद्या खाच बंद केलीस तर आपली खरी कार्डं खोटी ठरतील. तुझी चूक होती तेव्हा होती. आता ती सुरक्षाव्यवस्था आहे."

माझ्याच चुकीचा पहारा सीमेवर उभा होता, तोही बंदूक घेऊन. मी परत टेबलाशी आलो आणि प्रोग्राम उघडला. बदलायचा आकडा समोर दिसत होता. हात पुढे केला की झालं. मी हात पुढे केला, प्रोग्राम मिटला आणि बाजारात जाऊन एक हिरवा रुमाल विकत घेतला.

कारण सोपं आहे. प्रोग्राम खांद्यावर जे दिसेल ते सगळीकडून पुसतो. खांद्यावर हिरवं असलं तर तो फक्त हिरवं पुसेल. भिंत राहील, आणि भिंतीबरोबर आईचे केसही राहतील. हे या जगात फक्त मला ठाऊक होतं. एवढं ज्ञान असलेल्या माणसाने स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रामला चकवायला फाटकाबाहेर रुमालांचा भाव करावा, यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. नाकाच्या ढिगात मिळाला.

मी आईला बरोबर घेऊन गेलो नाही. ओळखीचा फायदा घेतला असं कोणी म्हणायला नको. खांबाआड उभा राहून पाहत होतो.

"आजी, हिरवा कसा आणलात?" खिडकीवाल्या बाई म्हणाल्या. "परिपत्रकात पांढरा आहे."

"पांढरा दोनदा आणला, बाई. दोन्ही वेळा माझं डोकं गेलं."

"पण नियम..."

"तुम्ही काढून तर बघा. नाही निघाला तर मी बापडी परत जाते."

फोटो निघाला. पडद्यावर अक्षरं आली, 'डोके पूर्ण'. बाईंनी परिपत्रक पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा परिपत्रक पाहिलं. "संगणकच हो म्हणतोय, तर मी कोण नाही म्हणणारी?" त्यांनी पडदा आईकडे वळवला.

या पडद्याबद्दल सांगायचं राहिलं. फोटो तयार झाला की अर्जदाराला दाखवतात. खाली दोन बटनं आहेत. एक 'फोटो बरोबर आहे'. दुसरं 'फोटो असा का?'. दुसरं नागरिकांच्या हक्कांच्या कलमामुळे द्यावंच लागतं. पहिलं दाबलं की कार्ड छापून येतं. दुसरं मी कशालाच जोडलेलं नाही. म्हटलं, 'बटन चालत नाही' अशी पहिली तक्रार येईल तेव्हा जोडू. लाखो लोक त्या पडद्यासमोर उभे राहिले, खांद्याचा लचका तुटलेला आपला फोटो त्यांनी डोळे भरून पाहिला, आणि तक्रार आली नाही.

आईने फोटो पाहिला. मागे भिंत होती, खिळा होता, तिचे सगळे केस होते. उजव्या खांद्याला खाच होती. तिने दुसरं बटन दाबलं. थांबली. पुन्हा दाबलं. मग माझ्या खांबाकडे एक नजर टाकून तिने पहिलं दाबलं. तिची गाडी दुपारची होती.

सीमेवरच्या शिपायाने खाच बघून सलाम ठोकला म्हणे.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मावशीने दारातूनच हाक मारली होती. उशाशी बसवून घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चला, तू पण म्हातारीच आहेस अजून." दोघी पोट धरून हसल्या, मग रडल्या, मग मावशीने कार्ड अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"म्हणाली, ताई, तुझा खांदा कुठे गेला? मी म्हटलं, लेकाने खाल्ला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि ऐक. तुझं ते दुसरं बटन चालत नाही."

पाचव्या दिवशी मावशी गेली. आई जवळ होती.

आई परतण्याआधीच इकडे नवं परिपत्रक निघालं होतं. 'साठीपुढील अर्जदारांनी हिरवा रुमाल ठेवावा.' प्राध्यापकांनी हिरव्याचा वानप्रस्थाशी संबंध जोडून दाखवला. परवा एक आजोबा हिरवा कोट घालूनच आले आणि पूर्णच्या पूर्ण डोकं घेऊन गेले. बाकी काही नेलं नाही. माझ्या ढालीवर आता दुसरी ढाल आहे. पिंपाचं झाकण उघडायला दोन माणसं लागतात.

आईची तक्रार मी रीतसर नोंदवायला गेलो, पण नात्यातली तक्रार ग्राह्य धरत नाहीत (कलम अकरा). तरी मी ते बटन जोडलं. कोणाला विचारलं नाही. नोकरीतलं हे माझं पहिलंच धाडस. आता ते दाबलं की माझ्या टेबलावर घंटी वाजते. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. बाहेरच्या एका जरी माणसाने विचारलं की हे असं का, तर बदल तुझा आकडा. शिपायांचं मी बघतो."

म्हणजे आता सगळं एका घंटीवर आहे. खिडकीवरचा पडदा मला टेबलावर दिसतो. येणारी माणसं मी बघत असतो. एक हात मी कळफलकावर ठेवूनच बसतो, न जाणो.

परवा तुम्ही आलात. रांगेत घामाघूम झाला होतात, तरी रुमालाने कपाळ पुसलं नाहीत. चौघडी मोडेल म्हणून. फोटो काढलात, हसला नाहीत. मग पडदा तुमच्याकडे वळला आणि तुम्ही फोटो बघितलात. खांद्याकडे बघितलंत. एकदा आपल्या खऱ्या खांद्यालाही हात लावून पाहिलात. माझं बोट आकड्यावर गेलं. तुमचं बोट वर आलं, दोन्ही बटनांच्या मधोमध थांबलं.

मग मागच्या माणसाने घसा खाकरला. तुम्ही त्याला 'सॉरी' म्हणालात आणि पहिलं बटन दाबलंत.